एकच इंधन : विमानाचं रॉकेल रणगाड्यात कसं आलं

अमेरिकी हवाई दल १९५० च्या दशकापासून जेपी-४ हे जेट विमानांचं इंधन वापरत होतं. त्यात पेट्रोलचा अंश मोठा, त्यामुळे टाकीला गोळी लागली की भडका उडायचा. व्हिएतनामनंतर जेपी-८ कडे वळण्यामागचं मोठं कारण हेच. जेपी-८ म्हणजे नागरी विमानांचं रॉकेल आणि त्यात बर्फरोधक, गंजरोधक व स्थिर विजेचा निचरा करणारं अशी तीन रसायनं. युरोपातल्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठायचं, म्हणून तिथल्या रणगाड्यांत आधीपासूनच हे रॉकेल डिझेलमध्ये मिसळत. १९८८ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने विमानं आणि वाहनं यांना एकच इंधन, अशी योजना आखून जमिनीवरच्या वाहनांनाही जेपी-८ लागू केलं.

वाद पेटला तो १९९०-९१ च्या आखाती युद्धात. सौदी अरेबियात जेट ए-१, म्हणजे नागरी विमानांचं तेच रॉकेल, मुबलक होतं, तरी अनेक तुकड्यांनी डिझेलच मागून घेतलं. त्यांना आडमुठं ठरवणं अन्यायाचं आहे. रणगाडा धुराचा पडदा करतो तो तापलेल्या एक्झॉस्टमध्ये डिझेल फवारून. रॉकेलचा तसा दाट धूर होत नाही, उलट आगीचा धोका, म्हणून ती यंत्रणा बंद ठेवावी लागली. ट्रकांचं दुखणं वेगळंच. इंजेक्शन पंपाला वंगण मिळतं ते इंधनातूनच, आणि रॉकेल पातळ. झिजलेल्या पंपाच्या फटींतून ते निसटतं, दाब तयार होत नाही, आणि उन्हात तापलेली गाडी बंद केली की पुन्हा सुरू होता होत नाही. शिवाय लिटरमागे ऊर्जा डिझेलपेक्षा कमी. टँकरांचे ताफे सुटसुटीत झाले, हा फायदा खराच. पण त्याची किंमत मेकॅनिकांनी मोजली, आणि हिशेबात ती क्वचितच धरली जाते.

जहाजं या योजनेत कधी आलीच नाहीत. जेपी-८ ची वाफ ३८ अंश सेल्सिअसला पेट घेऊ शकते. बंदिस्त जहाजावर किमान ६० अंशांची अट असते. म्हणून विमानवाहू नौकेवरची विमानं ही अट पाळणाऱ्या जेपी-५ या रॉकेलवर उडतात. सगळीकडे तेच का नाही? कारण इतक्या कडक अटीत बसणारं रॉकेल कच्च्या तेलातून कमी निघतं आणि महाग पडतं.

पुढे अमेरिकेतल्या तळांवर तिथल्या नागरी विमानांच्या जेट ए या रॉकेलमध्ये जेपी-८ मधलीच रसायनं घालून वापरायला सुरुवात झाली. नवी अडचण गंधकाची आहे. जेपी-८ मध्ये ते ०.३ टक्क्यांपर्यंत, म्हणजे दशलक्षात ३,००० भागांपर्यंत चालतं, तर आजची डिझेल इंजिनं दशलक्षात १५ भाग गंधक गृहीत धरून बनतात.