तुळशीच्या वासाला भुललेली फळमाशी

चौदा आणे तयार झालेला हापूस झाडावर चार दिवस जास्त राहिला की फळमाशीची मादी त्याच्यावर उतरते आणि पोटाच्या टोकाची सुई खुपसून सालीखाली अंडी घालते. बाहेरून दिसतं ते टाचणीच्या टोकाएवढं भोक, कधी त्यातून आलेला चिकाचा थेंब. दोन-तीन दिवसांत अळ्या निघतात आणि आंबा अढीत पिकेपर्यंत आतल्या गराचा लगदा होतो. अळी गरात लपलेली असल्यामुळे वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, आणि आत पोचेल असं औषध मारलं तर ते खाणाऱ्याच्याही पोटात जाणार. २०१४ च्या मे महिन्यापासून युरोपीय संघानं भारतीय आंब्याची आयात थांबवली ती फळमाशीमुळेच. बंदी उठायला २०१५ उजाडलं.

अंडी घालणाऱ्या मादीला गाठणं कठीण, म्हणून सापळा लावला जातो तो नरासाठी. १९१२ साली बिहारमधल्या पुसा इथं हॉलेट या कीटकशास्त्रज्ञाला दिसलं की सिट्रोनेला तेलाकडे फळमाशीचे नर, आणि फक्त नरच, झेपावतात. त्यांना ओढणारा नेमका घटक त्यानं १९१५ मध्ये दाखवून दिला: मिथिल युजेनॉल. तुळशीच्या पानात हे असतं, जायफळातही असतं. लवंगेला ज्याचा वास असतो त्या युजेनॉलचा हा सख्खा भाऊ. युजेनॉलच्या हायड्रॉक्सिल गटातला हायड्रोजन जाऊन तिथं मिथिल गट बसला की झालं मिथिल युजेनॉल. आपल्या नाकाला हा फरक जेमतेम कळेल, माशीला मात्र चोख कळतो. सापळ्याच्या बाटलीत लवंगेचं तेल ठेवून पाहा, नर फारसे फिरकणार नाहीत.

नराला याचं वेड का, त्याचं उत्तर मजेदार आहे. तो हे रसायन चाटतो, शरीरात त्याचं रूप थोडं बदलतो, गुदाजवळच्या ग्रंथीत साठवतो आणि तिन्हीसांजेला मादीला बोलावण्यासाठी तेच हवेत सोडतो. चाटून आलेल्या नराकडे माद्या जास्त वळतात. थोडक्यात, लग्नाला निघालेला नवरा अत्तरासाठी दुकानात शिरतो आणि तिथंच अडकतो.

वाटीत तुळशीचा पाला चेचून झाडाखाली ठेवला तरी नर येतात, पण पाला सुकला की वास विरतो. शिवाय सगळ्या तुळशी सारख्या नसतात. काहींत मिथिल युजेनॉल नावालाच, युजेनॉलच जास्त. म्हणून प्लायवूडची वडी वापरतात. ५ सेंटिमीटर लांब-रुंद आणि सेंटिमीटरभर जाड तुकडा घ्यायचा. इथिल अल्कोहोल ६ भाग, मिथिल युजेनॉल ४ भाग आणि मॅलेथिऑन हे कीटकनाशक १ भाग असं मिश्रण करून त्यात तो दोन-तीन दिवस बुडवून ठेवायचा, मग भोकं पाडलेल्या बाटलीत आत टांगायचा. अल्कोहोल तेलाला लाकडात खोल नेतं आणि नंतर स्वतः उडून जातं. मिथिल युजेनॉल सुमारे २५४ अंश सेल्सिअसला उकळतं, त्यामुळे साध्या हवेत ते सावकाश सुटतं आणि वडी दीड-दोन महिने चालते. जुन्या माहितीपत्रकांत मॅलेथिऑनच्या जागी डायक्लोरव्हॉस लिहिलेलं सापडेल, त्यावर आता बंदी आहे. कीटकनाशक अजिबात नको असेल तर बाटलीच्या तळाशी साबणाचं पाणी ठेवावं. ते आठवड्याला बदलावं लागतं, आणि बहुतेक जण इथंच कंटाळतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा याच तत्त्वावर चालतो.

सापळा फसतो तो बहुधा रसायनामुळे नव्हे. वडी बसवताना बोटांना लागलेलं तिचं तेल बाटलीला बाहेरून लागलं की माश्या बाहेरच चाटत बसतात, आत जातच नाहीत. उन्हात टांगलेली बाटली तापते आणि दोन महिन्यांचा वास पंधरा दिवसांत संपतो. म्हणून सापळा फांदीच्या सावलीत, डोक्याच्या उंचीवर हवा. मेलेल्या माश्या मुंग्या वाहून नेतात आणि मालकाला वाटतं सापळा रिकामा आहे. बाटली टांगायच्या तारेला बोटभर ग्रीस लावलं की हे थांबतं.

खरी चूक वेळेची असते. एक नर अनेक माद्यांशी जुगतो. दहांतले नऊ नर पकडले तरी उरलेला एक बागेतल्या बऱ्याच माद्यांना पुरतो. म्हणून माश्या कमी असतानाच, काढणीच्या दीड-दोन महिने आधी, सापळे लागायला हवेत. वळवाच्या सरी पडून मातीतले माशीचे कोष फुटू लागल्यावर बाटल्या टांगणाऱ्याला माश्यांचा ढीग दिसतो, समाधान मिळतं, आंबा मात्र किडतोच. बांधावरच्या रायवळ आंब्याखाली पडलेली फळं कोणी उचलत नाही, तिथून तर रोज नवी पिढी निघते. ती गोळा करून दोन फूट खोल पुरावीत, किंवा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात टाकावीत.

आता ‘नैसर्गिक’ या शब्दाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं २०२३ मध्ये मिथिल युजेनॉलला माणसात कर्करोग होण्याची दाट शक्यता असलेल्या पदार्थांच्या गटात टाकलं. तुळशीत असणारं हेच रसायन. घाबरायचं कारण नाही, पण वडी हाताळताना हातमोजे घालायलाच हवेत. सापळा सुरक्षित मानायचा तो रसायन झाडातून आलं म्हणून नाही, ते बाटलीत राहतं आणि फळाला लागत नाही म्हणून. ओढ्यात गेळाची फळं चेचून मासे मारणाऱ्यांना झाडाच्या विषाचं वेगळं सांगायला नको.

पानावर-फळावर मारायचं औषध याच्या उलट गुणाचं हवं, लवकर विरणारं. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन तसं आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते थोड्या दिवसांत मोडतं, आणि पाणी अल्कधर्मी असेल तर टाकीतच मोडू लागतं. १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळी पूड रात्रभर भिजवायची, गाळायची, २०० ग्रॅम साबण अगदी शेवटी घालायचा आणि त्याच संध्याकाळी फवारून संपवायचं. मोहोराचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांच्या पिल्लांची कात अडवणं हे त्याचं काम. मोहोरावर खार, म्हणजे तुडतुड्यांचा चिकटा, पडल्यावर मारलं तर उडणाऱ्या तुडतुड्यांना त्यानं फारसा फरक पडत नाही.

पावसाळ्यात परड्यातल्या मांडवावर पडवळ, कारली, काकडी किडायला लागली की आंब्याच्या बाटल्या उचलून तिथं टांगणारे असतात. त्या रिकाम्याच राहतात. वेलभाज्यांची माशी वेगळी, तिच्या नराला मिथिल युजेनॉलचं काही पडलेलं नसतं. त्याच्यासाठी क्यू-ल्यूर या दुसऱ्या आमिषाची वडी मागावी.