पेठांच्या बोळांना उगाच बोल
‘पेठांतले बोळ अरुंद म्हणून पुण्यात कोंडी, उपनगरांत रस्ते रुंद, सगळं सुटसुटीत’ हे वर्षानुवर्षं ऐकतोय. अर्धंच खरं आहे. रुंदी वेगळी, जोडणी वेगळी. सदाशिव पेठेत एक बोळ तुंबला तर शेजारचा सापडतो. उपनगरांत मात्र शेतं एकेक करून विकली गेली, ज्यानं त्यानं आपल्या हद्दीला भिंत घातली आणि आराखड्यातला जोडरस्ता बऱ्याचदा नकाशावरच राहिला. मागच्या सोसायटीतलं वाळत घातलेलं धुणं खिडकीतून दिसतं, पण तिथे जायला गाडी काढून मेन रोडनं वळसा. सगळ्यांचा वळसा त्याच एका रस्त्यावर. मग करा तो कितीही रुंद! २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पालिकेत आली, तोवर कितीतरी इमारती उभ्या राहिल्या होत्या. आता त्यांच्यामधून गल्ली काढणं महाकठीण.