अतिचंचल मुलाला औषध सुरू करण्याआधी जन्मतारीख पाहावी

अमेरिकेतील अनेक राज्यांत १ सप्टेंबरपर्यंत पाच वर्षे पूर्ण केलेल्या मुलांनाच किंडरगार्टनमध्ये प्रवेश मिळतो, त्यामुळे ऑगस्टमध्ये जन्मलेले मूल वर्गात सर्वांत लहान ठरते आणि सप्टेंबरमध्ये जन्मलेले त्याच्याहून जवळजवळ वर्षभराने मोठे असते. २०१८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा राज्यांतील ऑगस्टच्या मुलांमध्ये एडीएचडीचे, म्हणजे अतिचंचलता आणि अवधानाच्या कमतरतेचे, निदान सुमारे ३४ टक्क्यांनी अधिक आढळले, औषधेही त्यांनाच अधिक दिली गेली होती. जिथे ही तारीख लागू नव्हती, तिथे असा फरक दिसला नाही. याचा अर्थ, काही मुलांचे निव्वळ लहानपण विकार म्हणून नोंदले गेले असावे, आणि प्रवेशाची तारीख कोणतीही ठरवली तरी वर्गात कोणीतरी सर्वांत लहान असणारच.

म्हणूनच निदानाचे निकष कडक आहेत: लक्षणे बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावीत, किमान सहा महिने टिकलेली असावीत आणि घर व शाळा अशा दोन ठिकाणी तरी जाणवावीत. कमी ऐकू येणे, अपुरी झोप किंवा वाचनातील अडचण यांमुळेही मूल वर्गात अस्वस्थ होते, हेही तपासायला हवे.

‘गोळी देऊन पाहू, गुण आला तर निदान बरोबर’ हा युक्तिवाद मला विशेष धोक्याचा वाटतो. एडीएचडीसाठी दिली जाणारी उत्तेजक औषधे मेंदूतील डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन या संदेशवाहक रसायनांचा प्रभाव वाढवतात, आणि ते कोणाच्याही मेंदूत घडते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ सालीच दाखवून दिले की डेक्स्ट्रोॲम्फेटामिन या अशाच उत्तेजक औषधाच्या एका मात्रेने कोणताही विकार नसलेल्या मुलग्यांची चळवळही कमी होते आणि लक्ष सुधारते.

निदान पक्के असेल, तर मात्र औषधाला भिऊन ते टाळणे मुलावर अन्याय करणारे ठरू शकते. ५७९ मुलांच्या, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एमटीए या अमेरिकी चाचणीत चौदा महिन्यांनंतर, काटेकोर देखरेखीखाली दिलेल्या औषधाने मूळ लक्षणे केवळ वर्तनोपचारापेक्षा अधिक कमी झाली. दोन्ही एकत्र दिले तेव्हा कमी मात्रा पुरली. तीन वर्षांनी मात्र वेगवेगळे उपचार मिळालेल्या गटांमधील फरक उरला नाही. त्यामुळे औषध हा कायमचा निर्णय न मानता, वेळोवेळी तपासून पाहण्याचा प्रयोग मानावा.

सहा वर्षांखालील मुलांसाठी आधी पालकांना वर्तन हाताळण्याचे प्रशिक्षण द्यावे, अशी अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. मोठ्या मुलांना औषध दिल्यास भूक, झोप, वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब यांची नोंद नियमित ठेवावी, शिक्षकांचा अभिप्राय औषधाआधी आणि नंतर अशा दोन्ही वेळा घ्यावा, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने मधूनमधून औषध थांबवून त्याची गरज अजून आहे का हे पाहावे. गोळी घेतल्यावर कसे वाटते हे मुलालाही विचारावे, कारण आठ-नऊ वर्षांचे मूल ते बरेचदा स्पष्टपणे सांगू शकते.