ग्रेप्पोचा मळा: ब्रुनेल्लो वाइनमागचा दीडशे वर्षांचा हट्ट

इटलीच्या तोस्काना प्रांतात, सिएना शहराच्या दक्षिणेला, मोन्ताल्चिनो नावाचे टेकडीवरचे गाव आहे. उंची साधारण ५६० मीटर, भोवती दगडी तटबंदी आणि १३६१ साली बांधायला घेतलेला किल्ला. 'ब्रुनेल्लो दी मोन्ताल्चिनो' ही लाल वाइन इथली. तिचा दबदबा आणि किंमत पाहून ती रोमन काळापासून चालत आली असावी असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात आज जिला ब्रुनेल्लो म्हणतात ती वाइन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडली, आणि तीही मुख्यतः एका घराण्याच्या हातून. गावाबाहेरच्या ग्रेप्पो या मळ्यावर राहणाऱ्या बिओंदी-सांती कुटुंबाने एक रीत धरली, ती चार पिढ्या सोडली नाही, आणि पुढे तीच रीत साऱ्या गावाचा कायदा झाली.

त्याआधी मोन्ताल्चिनोचे नाव होते ते मोस्कादेल्लो या गोड, सुवासिक पांढऱ्या वाइनसाठी. लाल वाइनही होत असे, पण घरच्या जेवणाला लागेल तेवढी. गावाचा राजकीय इतिहास मात्र मोठा आहे. १५५५ मध्ये सिएनाचे प्रजासत्ताक फ्लोरेन्सच्या फौजांपुढे पडले, तेव्हा तिथल्या काही नागरिकांनी मोन्ताल्चिनोत आश्रय घेऊन १५५९ पर्यंत प्रजासत्ताकाचा झेंडा फडकत ठेवला.

लाल वाइनकडे गांभीर्याने पाहणारा पहिला माणूस क्लेमेन्ते सांती. पेशाने औषधशास्त्रज्ञ, त्यामुळे रस कसा आंबतो, वाइन कशाने बिघडते याकडे त्यांची नजर अभ्यासकाची होती. १८६९ मध्ये मोन्तेपुल्चानोच्या कृषी प्रदर्शनात त्यांच्या १८६५ च्या हंगामातल्या 'निवडक लाल वाइन (ब्रुनेल्लो)' ला पदक मिळाले. क्लेमेन्ते यांची मुलगी कातेरिना हिचे लग्न फ्लोरेन्सच्या याकोपो बिओंदी या डॉक्टरांशी झाले. त्यांचा मुलगा फेर्रुचो याने वडिलांचे आणि आजोळचे अशी दोन्ही आडनावे जोडून घेतली. आजोळचा मळा, आजोबांचे टिपणे ठेवण्याचे वळण आणि स्वतःचा हट्टी स्वभाव, एवढ्या भांडवलावर त्याने काम सुरू केले.

फेर्रुचो तरुणपणी गारिबाल्दीच्या स्वयंसेवकांत होता आणि १८६६ मध्ये बेत्सेक्काच्या लढाईत लढला. मॅझिनी-गॅरिबाल्डी ही नावे मराठी वाचकाला स्वातंत्र्यचळवळीपासून परिचित आहेत. इटली एक करण्याच्या त्याच धामधुमीतून हा तरुण बागेकडे परतला, तेव्हा बागांची अवस्था वाईट होती. १८५० च्या दशकात भुरी रोगाने तोस्कानातल्या वेली झोडपल्या होत्या. फ्रान्समधून फिलॉक्सेरा पसरत होता. ही मुळांवर जगणारी अमेरिकन कीड, आणि तिच्यावर उपाय शेवटी एकच ठरला: अमेरिकन खुंटावर युरोपीय जातीचे कलम बांधणे. नाशिक-सांगलीचा बागायतदार डॉगरिज खुंटावर कलम करतो तो पाणी आणि क्षारांच्या अडचणीसाठी, पण तंत्र तेच आणि खुंटाचे मूळही अमेरिकेतलेच.

तोस्कानात त्या काळी वाइन बनत असे ती मिश्रणाची. किआंतीचा प्रसिद्ध नुस्खा बारोन बेत्तिनो रिकासोली यांनी १८७२ मध्ये लिहून ठेवला. त्यात सांजोवेझे ही मुख्य जात, जोडीला कानायोलो, आणि लवकर प्यायच्या वाइनसाठी थोडी पांढरी माल्वाझिया. सांजोवेझे एकटी तुरट आणि आंबट लागते, तिला मऊ करायला सोबती हवेतच, अशी सर्वांची खात्री होती. बाजारालाही कोवळी, हलकी वाइन हवी होती.

फेर्रुचोने याच्या अगदी उलट केले. मळ्यातल्या वेली निरखून त्याने सांजोवेझेचा एक विशिष्ट वाण निवडला, त्याच्या काड्यांची कलमे केली आणि वाइन फक्त त्याच द्राक्षाची बनवली. मोन्ताल्चिनोत या वेलीला ब्रुनेल्लो म्हणत आणि ती वेगळीच जात आहे असे मानत. ती सांजोवेझेच आहे, हे सिएना जिल्ह्याच्या तज्ज्ञ समितीने १८७९ मध्ये स्पष्ट केले. तुरटपणा जावा म्हणून दुसरे द्राक्ष घालायचे नाही, त्याला वेळ द्यायचा, हा फेर्रुचोचा मार्ग. ओकच्या मोठ्या पिंपांत वर्षानुवर्षे, मग बाटलीत आणखी वर्षे. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत धाडसी निर्णय हाच. आज जात बदलली तर तीन-चार वर्षांत फळ दिसते, पण वीस वर्षांनी चांगली होणारी वाइन बनवणाऱ्याला आपले म्हणणे खरे ठरलेले पाहायला मिळेलच याची शाश्वती नसते. १८८८ चा हंगाम हा या वाइनचा आरंभ मानला जातो.

पुढचे अर्धे शतकभर ही रीत किती कडक पाळली गेली ते एका यादीवरून कळते. दुसरे महायुद्ध संपेपर्यंतच्या ५७ वर्षांत या घराण्याने जाहीर केलेले हंगाम फक्त चार: १८८८, १८९१, १९२५ आणि १९४५. बाकीच्या वर्षांची वाइन जाहीर करण्यास पात्र नाही असे त्यांनीच ठरवले.

१९१७ मध्ये फेर्रुचो वारला. त्याचा मुलगा तान्क्रेदी शिक्षणाने वाइनतज्ज्ञ होता. १९२६ मध्ये त्याने गावातल्या इतर बागायतदारांना बरोबर घेऊन एक सहकारी संस्था काढली. १९३२ मध्ये सरकारी समितीने आपल्या अहवालात ब्रुनेल्लो ही डॉ. फेर्रुचो बिओंदी-सांती यांची अलीकडची निर्मिती असल्याचे नोंदवले. १९४४ मध्ये युद्धाची आघाडी मोन्ताल्चिनोवरून सरकणार असे दिसताच तान्क्रेदीने जुन्या बाटल्या तळघराच्या एका भागात ठेवून पुढे भिंत बांधून घेतली. सैन्ये येऊन गेली, बाटल्या वाचल्या. तसे झाले नसते तर १८८८ आणि १८९१ ची वाइन पुढच्या पिढ्यांना चाखायलाच मिळाली नसती.

या बाटल्या टिकाव्यात म्हणून तान्क्रेदीने १९२७ पासून एक पद्धत वापरली. जुन्या रिझेर्वाच्या, म्हणजे उत्तम हंगामातल्या, जास्त मुरवलेल्या वाइनच्या, बाटल्या काही दशकांनी उघडायच्या, चाखायच्या, आणि ज्या चांगल्या निघतील त्यांतली घटलेली पातळी त्याच वर्षाच्या वाइनने भरून नवे बूच लावायचे. भर घालण्यासाठी एखादी बाटली खर्ची पडते, पण बाकीच्यांना आणखी आयुष्य मिळते. बूच कितीही चांगले असले तरी पन्नास वर्षांनंतर त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

युद्धानंतरचे मोन्ताल्चिनो गरीब होते, आणि आजच्या पर्यटकांना हे सहसा कोणी सांगत नाही. तोस्कानाची शेती शतकानुशतके निम्म्या वाट्याने चाले: जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, पीक निम्मे-निम्मे. शहरांत कारखान्यांचे काम मिळू लागताच कुळे टेकड्या सोडून गेली. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार करण्यास बंदी घातली. त्याच वर्षी मिलान ते नेपल्स हा महामार्ग पुरा झाला आणि मोन्ताल्चिनोजवळून जाणाऱ्या जुन्या कास्सिया रस्त्यावरची वर्दळ आटली. गाव रिकामे होत असताना हाताशी उरले ते एका मळ्याचे नाव आणि त्याची रीत.

म्हणून १९६६ ची सरकारी मान्यता महत्त्वाची. त्या वर्षी ब्रुनेल्लोला नियंत्रित मूळस्थानाचा दर्जा मिळाला, आणि नियमावलीचा गाभा होता तो ग्रेप्पोवर चालत आलेलाच: शंभर टक्के सांजोवेझे आणि दीर्घ मुरवण. १९६७ मध्ये उत्पादकांचा संघ स्थापन झाला. १९८० मध्ये दर्जा आणखी वरचा, हमीसह नियंत्रित मूळस्थानाचा झाला. आजच्या नियमानुसार वाइन किमान दोन वर्षे लाकडात राहते आणि तोडणीनंतरच्या पाचव्या वर्षीच्या १ जानेवारीआधी विकता येत नाही. रिझेर्वाला आणखी एक वर्ष. सुरुवातीला लाकडातली मुदत तीन वर्षांहूनही जास्त होती. उत्पादनाची मर्यादा हेक्टरी ८ टन, म्हणजे एकरी सव्वातीन टनांच्या आसपास. खायच्या द्राक्षांचा आपल्याकडचा बागायतदार एवढ्या उताऱ्यावर घर चालवणार नाही. इतक्या लांब थांबणे सर्वांना परवडणारे नसते, म्हणून १९८० च्या दशकात त्याच द्राक्षापासून लवकर बाजारात येणाऱ्या 'रोस्सो दी मोन्ताल्चिनो' ला वेगळी मान्यता देण्यात आली.

मधल्या काळात बाहेरच्या जगाला या वाइनची ओळख झाली. १९६९ मध्ये इटलीचे राष्ट्राध्यक्ष सारागात यांच्या लंडन भेटीत राणी एलिझाबेथ यांना १९५५ ची बिओंदी-सांती रिझेर्वा दिली गेली. याच १९५५ च्या वाइनची १९९९ मध्ये अमेरिकेच्या 'वाइन स्पेक्टेटर' मासिकाने शतकातल्या बारा वाइनमध्ये निवड केली. यादीतली इटालियन वाइन ती एकच. १९७० च्या दशकाअखेर अमेरिकेतल्या मारियानी बंधूंनी बान्फी हा विशाल मळा उभा केला आणि गावात बाहेरचा पैसा आला. ज्या गावात १९६० च्या दशकात जेमतेम काही डझन उत्पादक होते तिथे आज दोनशेहून अधिक आहेत.

१९७० मध्ये तान्क्रेदी वारला आणि मळा त्याचा मुलगा फ्रांको यांच्याकडे आला. आजोबांनी नजरेने केलेली निवड त्यांनी फ्लोरेन्स विद्यापीठाच्या मदतीने शास्त्रीय पातळीवर नेली. त्यातून नोंदवलेला वाण 'बीबीएस ११' म्हणून ओळखला जातो. मळ्याची घडीही त्यांनी स्पष्ट आखली होती. दहा वर्षांखालील वेलींची वाइन रोस्सो, दहा ते पंचवीस वर्षांच्या वेलींची ब्रुनेल्लो, आणि पंचवीस वर्षांवरील वेलींची, तीही उत्तम हंगामात, रिझेर्वा. इतरांनी छोट्या फ्रेंच पिंपांचा व्हॅनिलाचा वास आणि दाट, काळसर रंग आपलासा केला, तेव्हाही ग्रेप्पोची वाइन फिकट माणकाच्या रंगाची, जास्त आंबट आणि तरुणपणी रुक्ष राहिली. १९९४ मध्ये त्यांनी समीक्षकांपुढे १८८८ ते १९८८ या शंभर वर्षांतले निवडक हंगाम ओळीने ठेवले. १८९१ ची वाइन शंभरी ओलांडूनही जिवंत होती. फेर्रुचोचे म्हणणे सिद्ध झाले ते असे, नातवाच्या हयातीत.

हा वाद केवळ चवीचा नाही हे २००८ मध्ये उघड झाले. काही उत्पादक ब्रुनेल्लोत दुसरी द्राक्षे मिसळतात या संशयावरून सिएनाच्या सरकारी वकिलांनी चौकशी सुरू केली आणि लाखो बाटल्या अडकून पडल्या. नियमच सैल करून थोडी मिसळ मान्य करावी, असाही सूर निघाला. फ्रांको ठामपणे शंभर टक्क्यांच्या बाजूने उभे राहिले. ऑक्टोबर २००८ मध्ये संघाच्या सभासदांनी प्रचंड बहुमताने जुना नियम कायम ठेवला. मला हा निर्णय योग्यच वाटतो. मिसळीच्या उत्तम वाइन तोस्कानात भरपूर आहेत. त्यांना ब्रुनेल्लो म्हणायची गरज नाही.

सांजोवेझे आता महाराष्ट्रातही रुजली आहे. अकलूज परिसरात मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि तोस्कानाचे सेक्की या भावांच्या तीन जोड्यांनी उभी केलेली 'फ्रातेल्ली' कंपनी तिची लागवड करते, आणि त्यांच्या 'सेत्ते' या वाइनमध्ये ती काबेर्ने सोव्हिन्योंबरोबर मिसळलेली असते. माणदेशाच्या कडेच्या उन्हात, उन्हाळ्याच्या तोंडाशी तोडणी होणाऱ्या बागेत ही जात वेगळी वागते. तिच्याकडून मोन्ताल्चिनोची चव मागणे तिच्यावर अन्याय ठरेल.

फ्रांको २०१३ मध्ये, नव्वदी ओलांडून, वारले. काही वर्षांतच मळ्याचा ताबा फ्रान्सच्या 'एपी' समूहाकडे गेला. शार्ल हाइडसिक आणि पिपर-हाइडसिक ही शॅम्पेन घराणीही त्यांच्याच मालकीची. मुलगा याकोपो आणि नातू तान्क्रेदी यांनी आपले काम दक्षिणेकडच्या मारेम्मा भागातल्या मोन्तेपो किल्ल्याच्या मळ्यावर पुढे नेले. नव्या मालकांनी एक जात आणि मोठी स्लाव्होनियन ओकची पिंपे ही चौकट ठेवली आहे. पण २०१७ नंतर तोडलेल्या द्राक्षांच्या रिझेर्वांचे खरे वय अजून झालेले नाही, आणि त्यांच्याविषयीचा निकाल देणारे चाखणारे कदाचित आज शाळेत असतील.