लाकूड वाळवणं वेगळं, औषध पाजणं वेगळं

मुळशीच्या बाजूला टेकडीच्या उतारावर चित्रकारांना आणि गायकांना महिना-पंधरा दिवस राहून काम करता येईल अशी लाकडी वास्तू उभी करायचं काम माझ्याकडे आलं. दोन स्टुडिओ, चार खोल्या, एक लांब पडवी. उतार तोडायचा नाही, सिमेंट पायापुरतंच, बाकी सगळं लाकूड, ही अट. मग मी महिनाभर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या वखारी पालथ्या घातल्या. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच विचारायचे, "माल सीझन केलेला आहे का?" आणि बहुतेक ठिकाणी उत्तर यायचं, "हो ताई, ट्रीटमेंट केलेला आहे."

प्रश्न एका गोष्टीचा आणि उत्तर दुसऱ्याच गोष्टीचं. विकणाऱ्याला ते खटकत नाही, घेणाऱ्यालाही नाही, आणि पुढची वीस वर्षं त्याची किंमत वास्तू मोजते.

सीझनिंग म्हणजे लाकडातलं पाणी काढणं. ट्रीटमेंट म्हणजे लाकडात औषध घालणं. पहिल्यामुळे लाकूड आपला आकार धरून राहतं, दुसऱ्यामुळे ते वाळवीपासून, भुंग्यापासून आणि बुरशीपासून वाचतं. वाळलेल्या लाकडाला कीड लागू शकते. औषध पाजलेलं लाकूड पिळू शकतं, तडकू शकतं.

आधी वाळवण्याचं बघू, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. ताज्या कापलेल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं. काही पोकळ्यांमध्ये साठलेलं असतं, काही तंतूंच्या भिंतींमध्ये मुरलेलं असतं. धुतलेली चादर दोरीवर टाकली की आधी पाणी ठिबकतं, ठिबकणं थांबलं तरी चादर ओलसरच असते, तसंच हे. पोकळ्यांतलं पाणी जातं तेव्हा लाकूड फक्त हलकं होतं, आकसत नाही. ओलावा २५ ते ३० टक्क्यांच्या खाली आला की भिंतींतलं पाणी निघायला लागतं आणि आकसणं तिथून सुरू होतं. म्हणजे महिनाभर उन्हात पडलेला, वरून कोरडा दिसणारा वासा खऱ्या अर्थाने आकसायला अजून सुरुवातही झालेली नसेल, असं होऊ शकतं.

आकसणंही सगळीकडून सारखं नसतं. लांबीत जवळजवळ नाहीच. गाभ्याकडून सालीकडे जेवढं, त्याच्या साधारण दुप्पट खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या अंगाने. फळीला पन्हळीसारखा बाक येतो तो या फरकामुळे. दाराची चौकट काटकोनात राहत नाही तीही त्यामुळेच.

हवेत वाळवायचं तर सुतारांचा जुना हिशेब जाडीच्या दर इंचाला एक वर्ष असा आहे. भट्टीत, म्हणजे किल्नमध्ये, हेच काम काही आठवड्यांत होतं. पुण्याकडे दारं-खिडक्यांसाठी ओलावा साधारण १२ टक्क्यांच्या आसपास असावा. त्यानंतरही लाकूड हवेबरोबर हलत राहतंच. श्रावणात खिडकी फुगते आणि एप्रिलमध्ये सैल होते. गाणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही, पावसाळ्यात तंबोरा कसा वागतो हे त्यांना पाठ असतं. चित्रकारांनाही नाही. कच्च्या पट्ट्यांच्या चौकटीवर ताणलेला कॅनव्हास दोन महिन्यांत कसा पीळ धरतो, हे ज्याने पाहिलंय त्याला सीझनिंगचा अर्थ कळलेला असतो.

आता माझा अनुभव. नऊ वर्षांपूर्वी एका चित्रकाराच्या छोट्या स्टुडिओसाठी मी भट्टीत वाळवलेलं लाकूड घेतलं. देणाऱ्याने खोटं सांगितलं नव्हतं. माल उत्तम वाळलेला होता, एकही फळी हलली नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात चित्रकाराचा फोन आला, "ताई, ईझलखाली रोज पिठासारखं काहीतरी पडतंय." जाऊन पाहिलं. फळ्यांवर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं, खाली मैद्यासारखा बारीक भुसा. भोकं सगळी फळीच्या फिकट पट्ट्यातच होती, तपकिरी भागात एकही नाही. हा भुंगा नेमका कोरड्या लाकडावरच येतो, त्याला फिकट भागातला स्टार्च हवा असतो. भट्टीच्या उष्णतेने तेव्हा आत असलेली कीड मरते, पण नंतर येणाऱ्या किडीला अडवणारं तिथे काहीच नसतं. सहा फळ्या काढाव्या लागल्या. तेव्हापासून "वाळलेलं आहे ना, मग काही होणार नाही" हे वाक्य मी कुणाला बोलू देत नाही.

तो फिकट भाग आणि गडद गाभा यांतला फरक औषधाच्या बाबतीतही महत्त्वाचा आहे. सागाचा गाभा स्वतःच्या गुणाने टिकतो, फिकट भाग टिकत नाही. लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागात फिकट भाग जास्त असतो. "साग आहे, त्याला काय होतंय" हे म्हणून भागत नाही. उलट औषध फिकट भागातच नीट शिरतं, गाभा ते सहजी आत घेत नाही.

औषधं बरीच आहेत, पण आपल्याकडे मुख्य चर्चा दोन जातींची. तांबं, क्रोम आणि आर्सेनिकचं मिश्रण, ज्याला सीसीए म्हणतात, ते डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी १९३३मध्ये तयार केलं. ते लाकडात घट्ट बसतं, पावसाने धुऊन जात नाही, म्हणून जगभर पसरलं. पण त्यात आर्सेनिक आहे. अमेरिकेत २००३च्या अखेरीपासून घरगुती वापरातून ते मागे घेतलं गेलं. त्याचे तुकडे चुलीत किंवा शेकोटीत गेले तर विषारी धूर आणि राख होते. रानात लाकडी वास्तू म्हटलं की शेकोटी आलीच, आणि शेकोटीत काय टाकायचं हे पाहुणे विचारत नाहीत. मी आमच्या कामात सीसीए घेतलं नाही.

दुसरी जात बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडची. माणसाला त्रास फार कमी, वाळवी आणि भुंग्याला पुरेसं. दोष हा की पाण्याबरोबर निघून जातं. म्हणजे छपराखाली, आतल्या बाजूला ठीक, मातीत किंवा उघड्या पावसात नाही. आपल्याकडे लाकडाला बिब्ब्याचं तेल आणि कोकणात काजूच्या टरफलांचं तेल लावायची पद्धत होती. ती वाईट नाही, पण ते वरचं लेपन आहे. बिब्बा हातावर उततो, तेव्हा हातमोज्यांशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

खरा घोळ क्रमाचा आहे. दाबाने औषध भरायचं असेल तर लाकूड आधी वाळलेलं हवं, पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतील तर औषध जाणार कुठे? बोरॅक्सचं उलटं. तिथे लाकूड ओलंच असावं लागतं, कारण औषध आतल्या पाण्यातूनच हळूहळू पसरतं. ओल्या फळ्या द्रावणात बुडवायच्या, थप्पी लावून प्लॅस्टिकने झाकून काही आठवडे मुरत ठेवायच्या आणि मग वाळवायच्या. कुठलीही पद्धत घ्या, औषध पाण्यातून गेलेलं असतं, म्हणून औषधानंतर पुन्हा वाळवणं आलंच. हे दुसरं वाळवणं सगळ्यात जास्त गाळलं जातं. 'ट्रीटेड' म्हणून टेम्पोतून उतरणारं पाइन कित्येकदा उचलताना जड लागतं, ते या पाण्यामुळे.

ओळखायचं कसं? ओलाव्यासाठी दोन टोकांच्या सुयांचं मीटर मिळतं. फळीच्या टोकाला लावू नका, टोक नेहमी आधी वाळतं. फूटभर कापून आत लावा. मीटरवर विश्वास नसेल तर मधला इंचभर तुकडा कापा, वजन करा, १०३ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. १२० ग्रॅमचा तुकडा १०० ग्रॅमवर आला तर ओलावा २० टक्के, भागाकार कोरड्या वजनाने करायचा. औषधाची खूण मात्र रंगात शोधू नका, बोरॅक्स बिनरंगीच असतं. त्याची चाचणी हळदीने होते. हळदीचा स्पिरिटमधला अर्क ताज्या कापावर लावून वर आम्लाचं द्रावण दिलं की औषध पोचलेला भाग लाल होतो, बाकीचा पिवळा राहतो. लॅबमध्ये करून घ्यावी. लाल कडा किती आत गेली आहे हे डोळ्यांना दिसतं, आणि सर्टिफिकेटपेक्षा मला ते जास्त पटतं.

पाडलेल्या वाड्यांचं लाकूड हा पुण्याचा खास माल. शंभर-दीडशे वर्षांच्या तुळया, यापेक्षा वाळलेलं लाकूड कुठे मिळणार? औषध कुणी पाजलेलं नाही, तरी टिकलं, कारण गाभ्याचा साग आणि बांधणी शहाणी. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागातले सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब बघा. वाड्यांत खांब मातीत रोवत नसत, दगडी तळखड्यावर उभे करत. पुण्यात वर्षाला साधारण ७००-७५० मिलिमीटर पाऊस पडतो, मुळशी-ताम्हिणीकडे त्याच्या कित्येक पट. तिथे तळखडा आणि रुंद पावळी, म्हणजे छपराची भिंतीबाहेर आलेली कड, नसेल तर वाळवणं आणि औषध दोन्ही वाया. २० टक्क्यांच्या वर ओलावा टिकून राहिला की बुरशी धरते.

म्हणून आमचे खांब आणि तुळया वाड्यांच्या जुन्या सागाच्या, उघड्यावर येणारं लाकूड फक्त गाभ्याचं, आणि आतलं तक्तपोशीचं, म्हणजे लाकडी छताचं, व भिंतींचं काम बोरॅक्स मुरवलेल्या नव्या लाकडाचं ठरलं. कापलेल्या प्रत्येक टोकाला पुन्हा औषध लावायचं, नाहीतर कीड तिथूनच शिरते. लाकडाच्या कोरड्या वजनातलं जवळजवळ निम्मं कार्बन असतं, आणि लाकूड टिकेल तोवर तो त्यातच अडकून राहतो. झाड जितकी वर्षं वाढलं तितकी तरी ही वास्तू उभी राहिली, तरच तिला पर्यावरणाला धरून बांधलेली म्हणायचा हक्क मला वाटतो.

सध्या साइटवर पत्र्याच्या शेडमध्ये फळ्यांची थप्पी आहे. जमिनीपासून फूटभर उंच, दोन थरांमध्ये रिपा, वरची रीप खालच्या रिपेच्या बरोबर डोक्यावर, टोकांना रंगाचा हात, चारी बाजू वाऱ्याला मोकळ्या. सुतारमामा दर सोमवारी मीटर लावतात आणि फळीवरच पेन्सिलने आकडा लिहितात. दिवाळीनंतर २६ होता. परवाच्या सोमवारी १७ निघाला. चित्रकार मंडळी तारीख विचारत होती, तेव्हा मामांनी त्यांना थप्पीपाशी नेऊन तो आकडा दाखवला आणि म्हणाले, "हा बाराला टेकला की रंधा लावतो."