नवी मुंबई–पनवेल परिसर (चित्रीकरणस्थळ)

वाशीच्या खाडीपुलापासून दक्षिणेला बेलापूर, खारघर, पनवेल आणि उरणपर्यंतचा पट्टा. हिंदी-मराठी चित्रपट, मालिका आणि जाहिरातींच्या बाह्यचित्रीकरणासाठी तो वापरला जातो. पडद्यावर हा परिसर स्वतःच्या नावाने क्वचितच येतो. कधी तो उत्तर भारतातले स्टेशन होतो, कधी परदेशी महामार्ग, कधी कोकणातली बंदरवाडी. मुंबईच्या युनिटला इथे रात्री घरी परतता येते आणि हॉटेलचा खर्च वाचतो, हे त्यामागचे पहिले कारण. दुसरे आणि महत्त्वाचे कारण म्हणजे मोकळी जागा.

जडणघडण

वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ मध्ये खुला झाला. त्याआधी मुंबईहून पनवेलला जायचे तर ठाण्याला वळसा घालावा लागे, त्यामुळे एका दिवसाच्या शूटिंगसाठी इकडे यायचे कोणाच्या मनातही येत नसे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० ची. सिडकोने नोड (शहराचे स्वतंत्र विभाग) आखताना आधी रुंद रस्ते आणि सेक्टर तयार केले, वस्ती मागाहून आली. या मधल्या काळात दुभाजक, दिवे आणि झाडे असलेले, पण वाहने आणि माणसे नसलेले रस्ते मिळत होते. मुंबई शहरात अशी जागा रात्री दोनलाही सापडत नाही. १९९२ मध्ये मानखुर्द–वाशी रेल्वे आली, नंतर ती बेलापूर आणि पनवेलकडे सरकली, आणि ऐसपैस, उंच छताची नवी स्थानकेही हाताशी आली.

वस्ती वाढत गेली तशी मोकळी जागा दक्षिणेकडे सरकत गेली आणि तिच्यामागोमाग लोकेशन मॅनेजरही. वाशी-नेरूळ भरल्यावर खारघर, मग उलवे आणि द्रोणागिरी. या परिसराचा चित्रीकरणाचा इतिहास खरे तर सिडकोच्या रिकाम्या सेक्टरांचा इतिहास आहे. ठाण्याच्या घोडबंदर पट्ट्याची गोष्ट वेगळी, तिथे भर आहे तो मालिकांच्या कायमच्या सेटवर आणि बंगल्यांवर. पनवेलपलीकडे कर्जतजवळ कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये एन. डी. स्टुडिओ उभारला आणि ऐतिहासिक भव्य सेटांचे काम तिकडे गेले.

आपटा स्थानक

परिसरातले सर्वांत प्रसिद्ध लोकेशन काटेकोरपणे पाहिल्यास नवी मुंबईत नाही. ते रायगड जिल्ह्यात, पनवेल–रोहा मार्गावर सोमाटणे आणि रसायनीनंतर येते. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ (१९९५) या चित्रपटाच्या शेवटी धावत्या गाडीकडे हात पसरून पळणारी नायिका पंजाबातल्या नव्हे, आपट्याच्या फलाटावरून पळते. पाताळगंगेचे खोरे, मागे डोंगर, फलाटालगत इमारती नाहीत आणि त्या काळी दिवसभरात मोजक्याच गाड्या. फलाटावरची पाटी बदलली की स्टेशन हवे त्या राज्यात नेता येत असे.

ही सोय पुढे आटली. रोह्याच्या पुढची कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली आणि मुंबई–गोवा–मंगळूरच्या गाड्या आपट्यावरून धावू लागल्या. दोन गाड्यांमधला मोकळा वेळ कमी झाला. नंतर दुहेरीकरण आणि विद्युतीकरण झाले. आता चौकटीत खांब आणि तारा येतातच. जुन्या काळातला प्रसंग असेल तर त्या संगणकावर पुसाव्या लागतात, आणि धावत्या गाडीमागच्या तारा पुसणे हे एकेका फ्रेमचे काम असते. कॅमेरा खाली ठेवून वर रोखला तर तारा जास्त दिसतात. पादचारी पुलावरून खाली पाहणारा शॉट घेतल्यास त्या रुळांच्या खडीत बऱ्याच लपतात. म्हणून हल्ली वरचा कोन अधिक वापरला जातो.

रेल्वेतील चित्रीकरण

मध्य रेल्वेच्या हद्दीत परवानगी मुख्य जनसंपर्क अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून मिळते. अर्जासोबत प्रसंगाचे लिखाण, दिवस-वेळ, माणसांची आणि सामानाची यादी, विमा आणि नुकसानभरपाईचे हमीपत्र लागते. परवाना शुल्क आणि अनामत वेगळी, स्वतंत्र गाडी हवी असेल तर इंजिन, डबे आणि कर्मचाऱ्यांचे भाडे वेगळे. नुसत्या उभ्या गाडीचा प्रसंग असेल तर तुर्भ्याच्या यार्डात काम स्वस्तात आणि शांतपणे होते.

नवी मुंबईच्या स्थानकांवर नवख्या युनिटची हमखास फसगत होते ती मालकीच्या बाबतीत. ही स्थानके सिडको आणि रेल्वेने मिळून बांधली, खर्चाचा मोठा वाटा सिडकोचा. फलाट आणि रूळ रेल्वेच्या ताब्यात, पण बाहेरचे प्रांगण, वाहनतळ आणि वरची कार्यालये यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. नायक रिक्षातून उतरून फलाटावर जातो एवढ्या साध्या शॉटला दोन परवानग्या लागू शकतात, आणि दुसरी नसल्याचे प्रांगणात कॅमेऱ्याच्या ट्रॉलीचे रूळ टाकताना कळते.

ओव्हरहेड तारांमध्ये २५ हजार व्होल्टचा दाब असतो. तारेला हात लागायलाच हवा असे नाही, पुरेसे जवळ गेले तरी ठिणगी झेप घेते. दोन मीटरचे अंतर हा नियम आहे. जिब (कॅमेऱ्याचा लांब दांडा), बूम (माइकचा दांडा), लाइटचे स्टँड, रिफ्लेक्टर आणि पावसात उघडलेली मोठी छत्री ही सगळी धोक्याची साधने. तारा बंद करून ‘ब्लॉक’ घेतलेला नसेल तर फलाटाच्या कडेला क्रेन उभीच करू नये.

पाम बीच रस्ता

वाशी ते बेलापूर, सुमारे १० किलोमीटर. गाडीतल्या संवादांसाठी मुंबई परिसरात इतके सलग, कमी सिग्नलचे रस्ते मोजकेच आहेत. ताशी ६० किलोमीटरच्या मर्यादेत एक फेरी दहा मिनिटांची, म्हणजे तीन मिनिटांच्या टेकला साधारण तीन किलोमीटर लागतात.

रस्ता ढोबळमानाने उत्तर-दक्षिण जातो आणि खाडी पश्चिमेला आहे. यावरून बाकीचे सगळे ठरते. बेलापूरकडे जाताना खाडी चालकाच्या बाजूला येते, पण मध्ये समोरून येणाऱ्या वाहनांची मार्गिका असते. वाशीकडे येताना खाडी शेजारच्या सीटच्या खिडकीत येते आणि मध्ये काही नसते, थेट खारफुटी आणि आकाश. त्यामुळे कॅमेरा चालकाच्या बाजूला ठेवून शेजारच्या पात्राचा क्लोजअप घ्यायचा तर येतानाची फेरी धरावी. दुपारनंतर ऊन पश्चिमेचे, म्हणून जाताना ते चालकाच्या गालावर पडते आणि येताना दुसऱ्याच्या. एकच संवाद दोन्ही दिशांना टिपला की संकलनात ऊन या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर उड्या मारू लागते. जाणती युनिटे एकाच दिशेने रोल करतात आणि परतीची फेरी पाणी पिण्यात, मेकअप नीट करण्यात घालवतात.

वाहतूक थोपवायची असेल तर वाहतूक पोलीस, स्थानिक पोलीस ठाणे आणि रस्त्याची मालकी असलेली संस्था अशा तिघांकडे जावे लागते. राज्याच्या चित्रपट महामंडळाची एक खिडकी योजना अर्ज एकत्र घेते, पण पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्याला आदल्या दिवशी प्रत्यक्ष भेटणे टाळू नये. रविवारची पहाट सर्वांत सोयीची, तरी तेव्हा सायकलस्वार आणि धावणारे असतात, त्यांना वाट द्यावी. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवर वाहन थांबवायला मनाई आहे, तिथे रीतसर परवानगीशिवाय कॅमेरा काढायच्या भानगडीत पडू नये.

खाडीकाठ आणि कोळीवाडे

दिवाळे, सारसोळे अशा गावांच्या जेट्ट्या बंदरवाडी म्हणून वापरल्या जातात. इथले सगळे गणित भरतीचे. भरती आणि ओहोटीत सव्वासहा तासांच्या आसपास अंतर असते. सकाळी पाण्यावर डुलणारी होडी दुपारी चिखलात कलंडलेली दिसते, त्यामुळे दिवसभर एकच प्रसंग चालवता येत नाही. कोळी माणूस तिथीची पाऊणपट करतो: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, षष्ठीला साडेचार. मुंबईच्या किनाऱ्यासाठी हा हिशेब चांगला जमतो, मात्र खाडीत आत पाणी जरा उशिरा चढते. रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. चार दिवसांचे काम असेल तर चौथ्या दिवशी सव्वादोन तासांचा फरक पडलेला असतो, आणि कॉलशीट (दिवसाच्या कामाचे वेळापत्रक) मात्र पहिल्या दिवसाचीच फिरवलेली असते.

गावकी आणि मच्छीमारांच्या संस्थेशी बोलल्याशिवाय होडीला हात लावू नये. भरतीला होडी अडवली तर तो मासेमारीचा दिवस बुडतो, म्हणून मोबदला तासावर नव्हे, फेरीवर ठरवावा. नारळी पौर्णिमा आणि होळीचे दिवस मागूच नयेत. खारफुटीत सामान उतरवणे, फांद्या छाटणे, वाट करण्यासाठी भराव टाकणे हा गुन्हा आहे. उरणच्या बाजूला नौदलाची आणि तेल-वायू प्रकल्पाची हद्द असल्याने चौकटीत काय येते आहे हे आधी पोलिसांना दाखवून घ्यावे.

फार्महाऊस

पनवेलच्या ग्रामीण भागातली फार्महाऊस बारा तासांच्या शिफ्टवर मिळतात. रेकीला (जागेच्या आधीच्या पाहणीला) लोकेशन मॅनेजर मोटारीने जातो आणि शूटिंगच्या दिवशी व्हॅनिटी व जनरेटर व्हॅन गावातल्या लोंबत्या तारेखाली अडकते. रेकीतच रस्त्याची रुंदी, वळणे आणि तारांची उंची टेपने मोजावी. घराच्या वीजजोडणीवर मोठे दिवे लावू नयेत. जनरेटर घरापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवावा आणि तेवढी केबल सोबत आणावी. भिंतींचे, फरशीचे फोटो आत शिरण्याआधी काढले की अनामत रकमेचे वाद होत नाहीत.

पाऊस, ड्रोन, आवाज

जून ते सप्टेंबर डोंगर हिरवे असतात, पण खारघरच्या पांडवकड्यासारख्या धबधब्यांवर अपघातांमुळे पावसाळ्यात प्रवेशबंदी घातली जाते. खरा पाऊस कॅमेऱ्यात सहसा उमटत नाही. मागून दिवा असेल तरच धारा दिसतात, आणि त्या सारख्या राहाव्यात म्हणून भर पावसातही टँकर लावावा लागतो.

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणे सुरू झाली. ड्रोन नियमांनुसार कार्यरत विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांची मर्यादा आहे. उलवे, खारघर, बेलापूर आणि पनवेल, म्हणजे ड्रोन शॉटसाठी सर्वाधिक मागणी असलेला भाग, या आतल्या वर्तुळात येतो. खाडीपलीकडे ट्रॉम्ब्याच्या टेकड्यांशी अणुसंशोधन केंद्र असल्याने त्या दिशेनेही वाव नाही. उंचावरून शहर हवे असेल तर पारसिक डोंगरावरून किंवा एखाद्या टॉवरच्या गच्चीवरून, सोसायटीचे लेखी संमतिपत्र घेऊन, लांब लेन्सने काम भागवतात.

थेट ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी आता विमानांचे वेळापत्रक रेकीच्या वहीत लिहून ठेवावे. उलव्यात संवाद घ्यायचा असेल तर ध्वनिमुद्रकाला एक दिवस आधी, शूटिंगच्याच वेळेला जागेवर पाठवावे. शेजारच्या प्लॉटवर पायाभरणीचे यंत्र चालू असेल तर बिल्डरच्या साइट इंजिनिअरशी बोलून जेवणाच्या सुट्टीत मोठे संवाद उरकावेत, तेही जमत नसेल तर तो प्रसंग डबिंगसाठी धरून पुढे जावे.