पिंजऱ्यातला राजा आणि न पडलेलं शहर

इ.स.पूर्व ७०१. अश्शूरचा, म्हणजे आजच्या उत्तर इराकमधल्या साम्राज्याचा, सम्राट सन्हेरीब भूमध्य समुद्राच्या काठावरच्या बंडखोर मांडलिकांवर चालून आला. त्यांत यहूदा नावाचं एक छोटं डोंगरी राज्य होतं. यरुशलेम ही त्याची राजधानी. तिथला राजा हिज्कीया याने खंडणी देणं बंद केलं होतं. पुढे जे घडलं त्याच्या दोन लेखी हकिकती आज हाताशी आहेत. एक मारायला आलेल्याची, दुसरी मार खाल्लेल्याची. दोघंही आपणच जिंकलो असं सांगतात.

सन्हेरीबची हकिकत भाजलेल्या मातीच्या सहा बाजूंच्या एका स्तंभावर कोरलेली आहे. हा स्तंभ जेमतेम ३८ सेंटीमीटर उंच आहे. १८३० मध्ये तो सन्हेरीबची राजधानी निनवे हिच्या अवशेषांतून, म्हणजे आजच्या इराकमधल्या मोसुलजवळून, कर्नल टेलर यांच्या हाती आला आणि आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. सन्हेरीब सांगतो : यहूदाची ४६ तटबंदीची शहरं घेतली, २,००,१५० माणसं बाहेर काढली आणि हिज्कीयाला त्याच्याच राजधानीत पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडलं. मग त्या पक्ष्याने ३० किक्कार सोनं आणि ८०० किक्कार चांदी निनवेला पोहोचती केली. किक्कार म्हणजे साधारण ३० किलो.

मजकूर दणदणीत आहे. पण कोंडल्यानंतर शहराचं काय झालं? इतर शहरांच्या बाबतीत ‘वेढा घातला, जिंकलं, लुटलं’ असं तोंडभरून सांगणारा हा राजा यरुशलेमपाशी येऊन गप्प होतो. हिज्कीयाला पदच्युत केलं, मारलं किंवा बेड्या घालून नेलं, यांतलं काहीच लिहीत नाही. एवढ्या बढाईखोर माणसाने शहर घेतलं असतं तर सांगितलं नसतं का?

दुसरी हकिकत बायबलमधल्या ‘राजे’ या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात येते. तिच्यानुसार परमेश्वराच्या दूताने एका रात्रीत अश्शूरच्या छावणीतली १,८५,००० माणसं मारली आणि सन्हेरीब परत फिरला. हा आकडा कोणी शब्दशः घेऊ नये. मात्र याच पुस्तकात थोडं आधी, चमत्काराचा कुठलाही साज न चढवता, एक कोरडी नोंद येते : हिज्कीयाने यहूदातल्या लाखीश शहरी, सन्हेरीबकडे, निरोप धाडला, ‘माझं चुकलं’ म्हटलं आणि ३०० किक्कार चांदी व ३० किक्कार सोनं दिलं. त्यासाठी मंदिराच्या दारांवरचा सोन्याचा पत्रासुद्धा उतरवला.

चांदीचा आकडा जुळत नाही, सोन्याचा मात्र तंतोतंत जुळतो. एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन पक्ष एकाच आकड्यावर येतात, तेव्हा त्या आकड्याखाली बहुधा टणक जमीन असते. शिवाय देवाच्या कृपेने वाचलेल्या आपल्या राजाने मंदिर खरवडून शत्रूला पैसे चारले, ही गोष्ट कोणता भक्त हौसेने रचेल? बखरी आणि त्याच काळातली पत्रं शेजारी ठेवून वाचणाऱ्या मराठी वाचकाला ही रीत ओळखीची वाटेल. बढाई बाजूला ठेवायची आणि लिहिणाऱ्याला अडचणीची ठरणारी ओळ आधी उचलायची.

(एक तिसरी कथाही आहे. अडीचशे वर्षांनंतर ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने ती इजिप्तमध्ये ऐकली. तिच्यात उंदरांनी रातोरात सन्हेरीबच्या सैन्याचे भाते आणि धनुष्यं कुरतडली. उंदीर आणि देवदूत एकत्र करून ‘प्लेगची साथ’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. मला तो मोह टाळावासा वाटतो. दोन दंतकथांची बेरीज पुरावा होत नाही.)

आता लाखीश. यहूदातलं यरुशलेमच्या खालोखालचं हे शहर सन्हेरीबने खरोखर घेतलं. गंमत म्हणजे मातीच्या स्तंभावर त्याचं नावही नाही. त्याची हकिकत त्याने निनवेच्या महालातल्या एका दालनाच्या भिंतींवर, दगडात, चित्रांनी कोरली. दमदम्यावरून, म्हणजे तटापर्यंत चढत नेलेल्या भरावावरून, वर सरकणारी तटफोडी यंत्रं, तटावरून फेकलेल्या पेटत्या मशाली, बैलगाड्यांवर बोचकी लादून निघालेली कुटुंबं, खांबांवर खुपसलेले कैदी. एकोणिसाव्या शतकात लेयार्ड या इंग्रज उत्खननकर्त्याने हे दालन खणून काढलं. पुढे प्रत्यक्ष लाखीशच्या टेकाडावर उत्खनन झालं तेव्हा जळून गेलेला थर सापडला, दगडमातीचा तो दमदमा सापडला, शेकडो बाणांची टोकं आणि गोफणगुंडे सापडले. तटाच्या आतून नागरिकांनी घाईघाईने रचलेला उलटा भरावही सापडला. तो चित्रात नाही. राजाच्या महालात शत्रूची हिकमत कोण कोरणार?

यरुशलेममध्ये असाच एक पुरावा जमिनीखाली आहे. वेढ्याच्या काळात पाणी तटाच्या आत यावं म्हणून खडकातून खोदलेला ५३३ मीटरचा बोगदा. बायबल त्याचं श्रेय हिज्कीयाला देतं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच्या गिलाव्यात अडकलेल्या वनस्पतींचं कार्बन-कालमापन आणि छताला लोंबणाऱ्या चुनखडीचं युरेनियम-थोरियम मापन केलं गेलं. दोन्हींनी इ.स.पूर्व ७०० च्या आसपासचा काळ दाखवला. बोगद्यात १८८० मध्ये सापडलेला शिलालेख मला या सगळ्या लिखाणात सर्वांत आवडतो. दोन टोकांकडून खोदत आलेले कामगार, मध्ये तीन हातांचा खडक उरलेला, पलीकडून माणूस माणसाला हाक मारताना ऐकू येणारा आवाज, मग कुदळीला भिडलेली कुदळ आणि १,२०० हात वाहत गेलेलं पाणी. शाबूत मजकुरात राजाचं नाव नाही, देवाचंही नाही.

बाकी सगळीकडे देव आहेत. सन्हेरीब अश्शूर या देवाच्या भरवशावर लढतो, हिज्कीया याहवेच्या, म्हणजे बायबलमधल्या परमेश्वराच्या. बायबलमधल्या वर्णनात सन्हेरीबचा सरदार तटाखाली उभा राहून ओरडतो, ‘तुमच्याच देवाने मला इथे पाठवलंय.’ हिज्कीयाचे अधिकारी गयावया करतात की अरामी भाषेत बोला, आम्हाला ती कळते, तटावरच्या लोकांना कळेल अशा भाषेत बोलू नका. सरदार अर्थातच लोकांच्याच भाषेत बोलत राहतो. शत्रूचा देव शत्रूवर रागावला आणि आपल्या बाजूने आला, हा त्या काळचा नेहमीचा युक्तिवाद होता आणि तो राजकारणाला हवा तसा वळवता येई.

किती वळवता येई ते पुढच्या पिढीत दिसतं. इ.स.पूर्व ६८९ मध्ये सन्हेरीबने दक्षिणेकडचं बाबिलोन शहर उद्ध्वस्त केलं. शहरावर पाणी सोडलं, हे तो स्वतः अभिमानाने लिहितो. त्याचा मुलगा एसरहद्दोन गादीवर आला आणि त्याला बाबिलोन पुन्हा वसवायचं होतं. बापाला दोष देणं शक्य नव्हतं, म्हणून त्याच्या लेखांत विध्वंस करणारा माणूस गायब आहे. लोक पापी झाले, शहराचा देव मर्दुक कोपला, पूर आला, एवढंच. आणि मर्दुकाने तर ७० वर्षं शहर ओसाड राहील असं लिहून ठेवलेलं! त्यावर तोड अशी निघाली की देवाचा राग शमला आणि त्याने आकडा उलटा केला. बाबिलोनी अंकपद्धती साठावर आधारलेली होती. उभी खूण आधी आली तर तिची किंमत ६० आणि तिच्यापुढची कोपऱ्यासारखी खूण १० ची, मिळून ७०. खुणांची अदलाबदल केली की आधी १०, मग तीच उभी खूण फक्त १, म्हणजे ११. अकराव्या वर्षी बांधकामाला देवाची परवानगी! हिशेबनिसाच्या या कसरतीला दाद द्यावीच लागते.

खुद्द सन्हेरीबचा शेवट इ.स.पूर्व ६८१ मध्ये झाला. बाबिलोनची इतिवृत्तं एका ओळीत सांगतात की बंडात मुलाने त्याला मारलं. त्या मुलाचं नाव तिथे नाही. बायबल मात्र दोन मुलांची नावं देतं आणि त्यांतलं एक अद्रम्मेलेक. अश्शूरच्या नोंदींत या नावाचा राजपुत्र सापडत नसल्याने ते फारसं कोणी मनावर घेत नसे. १९८० मध्ये सिमो पार्पोला या फिनिश अभ्यासकाने निनवेच्या एका फुटक्या मातीच्या पत्राचा नवा अर्थ लावला. त्या पत्रात कटाची बातमी राजाला सांगू पाहणाऱ्या एका माणसाची हकिकत आहे आणि मारेकरी मुलाचं नाव आहे अर्दा-मुलिस्सू. तोंडातोंडी घासून अद्रम्मेलेक झालेलं नाव ते हेच.

बायबलमध्ये हे नाव सदतिसाव्या वचनात येतं. १,८५,००० माणसं मारणारा देवदूत पस्तिसाव्यात आहे. मधल्या एका वचनात सन्हेरीब निनवेला परततो आणि वीस वर्षं उलटून जातात.